तीन वेळूंचा टेकू

लढाई संपल्यावर आमचे मालक घरी आले ते डावा हात गळ्यात अडकवून. कोपरात लोखंडाचा तुकडा शिरला होता. दवाखान्यात तो काढला, पण हातातलं बळ काही परत आलं नाही. काही वजन पेलायचं म्हटलं की तो हात थरथरायला लागायचा. गावात कुणी त्यांना वावगं बोललं नाही, एक थोरले दीर सोडून. ते चारचौघांत "आमचा अर्धा शिपाई" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मी पदर ओढून चूल फुंकत बसायची.

आमचं गाव म्हसवडच्या बाजूचं, डोंगराच्या पायथ्याला. शाळू दाण्यात आला की डुकरं रात्रीतून निम्मं रान आडवं करायची, म्हणून घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती. परवाना दिरांच्या नावावर. त्या हिवाळ्यात त्यांनी हुरड्याला फलटणकडचे मोटारवाले पाहुणे बोलावले. त्यांच्यापाशी चांगल्या दोननळी बंदुका होत्या. हुरडा खाऊन मंडळी ओढ्याकडं गेली, दोन बार झाले, आणि जेवायच्या वेळेला सगळे परत आले. दीर गावाला म्हणाले, "लागलं न्हाई. पळालं."

मी त्या वेळी ओढ्याच्या वरच्या अंगाला गवत कापत होते. त्यांना मी डोळ्यांनी बघितलं होतं. गवतावर रक्त सांडलेलं होतं. पाहुणे थोडं अंतर त्याच्या मागानं गेले, जाळी दाट लागली तशी थांबले, आपसात काही बोलले आणि माघारी वळले. दीर त्यांच्यासोबतच होते. जखमी डुक्कर रानात आहे, बायामाणसांनी तिकडं जाऊ नये, एवढं सांगायला काय लागत होतं? पण सांगितलं असतं तर पाहुणे जखमी जनावराला भिऊन माघारी वळले हे कळलं असतं.

आमच्या बांधाला लागून एका धनगराचं रान होतं. त्याची बायको माझ्या वयाची, माझी मैत्रीण. त्याच दुपारी, मी गवत घेऊन घरी पोचायच्या आत, ती मेंढरं घेऊन ओढ्यात उतरली आणि डुकरानं तिची मांडी फाडली. लुगडं रक्तानं भिजून जड झालं होतं. आम्ही तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत ती मला विचारत होती, "बया, माझा पाय राहील का गं?"

घरी आल्यावर मी मालकांना ओढ्यातलं सगळं सांगितलं. ते उठून दिरांपुढं गेले. "दादा, तुमाला ठावं हुतं."

"रानातलं जनावर हाय. त्याला मी काय करू?"

"बंदूक द्या. मी बघतो त्याच्याकडं."

दीर हसले. "बंदूक द्यायला काय, ने की. पर धरणार कोण रं? तुजी बायकू?"

त्या हसण्यानं माझ्या अंगाचा जाळ झाला. मालक खुंटीवरची बंदूक काढून बाहेर आले.

आता प्रश्न होता तो नळी वर धरायचा. मालकांचा नेम पलटणीत नावाजलेला होता, पण डाव्या हातावर नळी क्षणभर ठरत नव्हती. ठासणीच्या बंदुकीला दुसरी संधी नसते. एकदा बार काढला की पुन्हा दारू भरून ठासेपर्यंत डुक्कर अंगावर. पहिल्यांदा आम्ही बाभळीच्या फांदीचं दुफाटं बेळकं तोडून आणलं, जमिनीत रोवलं आणि त्यात नळी ठेवली. मऊ मातीत ते बरं उभं राहिलं. डोंगराच्या मुरमात ते रुतेना, आणि नुसतं टेकवलं तर डावीउजवीकडं कलंडायचं. मग सुताराकडून तीन पायांची घोडी आणली. तिच्यावर नळी ठेवली की हलायचं नाव नाही. पण ती डोक्यावर घेऊन मी अर्धी चढण चढले तेव्हाच मान अवघडली, आणि खडकावर तिचा पाय आपटला की आवाज पार पलीकडच्या घळीत जायचा. मी ती तिथंच आदळली आणि म्हटलं, "ह्येनं डुक्कर मरायच्या आदी मी मरंन."

मालक तिथंच दगडावर बसले. एक धोंडा उजव्या हातात तोलत म्हणाले, "मशीनगनच्या पायांवर आमी वाळूची पोती टाकायचो. वजन आपुन का वाहायचं? डोंगरात दगूड लय हायत."

तसंच केलं. वाळलेले वेळू आणले, बसल्यावर खांद्यापर्यंत येतील असे तीन तुकडे तोडले, वरच्या टोकाखाली चामड्याच्या वादीनं बांधले. पाय फाकवले की वर आपोआप बेचकं व्हायचं. पाय फार पसरू नयेत म्हणून खाली दोरीचं कडं घातलं. टोकं खडकावर सरकत होती, त्यांना जुन्या वहाणांचं कातडं गुंडाळलं. मधोमध एक झोळी टांगली. उचलताना तान्ह्या पोराएवढंही वजन नव्हतं. जागेवर गेलं की झोळीत दगड भरायचे, मग तो टेकू जमिनीला धरून बसायचा. आम्ही अंगणात सराव करत होतो तेव्हा दीर ओसरीवरून म्हणाले, "लुळ्याला एक काठी लागती. ह्याला तीन."

मी त्यांच्याकडं सरळ बघितलं. पदर न ओढता बघायची ती पहिली वेळ.

दिवस उगवल्यावर आम्ही निघालो. बंदूक मालकांच्या उजव्या खांद्यावर, टेकू आणि कोयता माझ्याकडं. ओढ्यात पाण्याचं एकच डबकं राहिलं होतं. वारा आमच्याकडं येत होता, आणि त्याच्यावर कुजलेल्या मांसाचा वास होता. डबक्याच्या वरच्या दरडीवर मी टेकूचे पाय फाकवले, झोळीत एकेक दगड आवाज न करता ठेवला. मालक टाच टेकून मागं बसले. डावा हात मांडीवर पडलेला, नुसता थरथरत होता. नळी मात्र जागची हलत नव्हती.

डुक्कर बोराटीच्या जाळीतून आलं ते मागचा पाय ओढत. पाणी प्यायला मान खाली घातली. बार झाला, धूर सरायच्या आत ते बसलं, आणि पुन्हा उठलं नाही.

खाली उतरून बघितलं तर त्याच्या मागच्या पायात किडे वळवळत होते. इतके दिवस ते तसंच जगत होतं. माझ्या मैत्रिणीची मांडी फाडणाऱ्या जनावराची मला कीव येईल असं वाटलं नव्हतं. कीव आली आणि तिच्यामागून राग आला, तो डुकरावरचा नव्हता.

दिरांनी निरोप धाडला असावा. दुसऱ्या दिवशी मोटार आली. पाहुण्यांनी अंगणात आणून टाकलेल्या डुकरापाशी बंदूक घेऊन फोटो काढायचा ठरवला. एकजण मालकांना म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हा. आणि त्या काठ्या उचला, फोटोत बऱ्या दिसत नाहीत." दीर लगबगीनं काठ्या उचलायला वाकले.

मी पुढं झाले. गडी, शेजारी, सगळे उभे होते. मी म्हटलं, "भावजी, ऱ्हाऊ द्या त्या. आन पावणं, ह्या जनावराच्या पायात गोळी तुमची हाय. मी बगितलंय तुमी माघारी वळताना. फोटू मागनं काढा. आदी दवाखान्यात जाऊन त्या बाईची मांडी बगून या."

ज्यानं काठ्या उचलायला सांगितलं होतं तो हातातल्या टोपीवरची धूळ झटकत राहिला. मग ते मोटारीत बसले आणि गेले. दवाखान्यात ते गेले नाहीत, हे मला मैत्रिणीनं नंतर सांगितलं.

दिरांनी त्या संध्याकाळी आमची चूल वेगळी केली. म्हणाले, "घरच्या पावण्यांची अब्रू घालवली." मालकांनी विचारलं, "त्या बाईच्या पायाचं काय?" आम्ही रानातल्या छपरात राहायला गेलो. माझी मैत्रीण जगली, पण तिला पुन्हा डोंगर चढता आला नाही. मेंढरं तिच्या जावेकडं गेली, आणि ती दिवसभर दारात लोकर पिंजत बसायची. मी तिच्याकडं जाऊन बसले की ती कधी डुकराचा विषय काढत नसे. मीच काढायची. ती म्हणायची, "जाऊ दे गं आता." मला ते कधी जमलं नाही.