अण्णांना दिसतील असे रंग

आमच्या घरी पाहुण्यांना चहाबरोबर एक गोष्ट हमखास मिळायची: अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत भरती होता होता कसे राहिले. पळण्यात सगळ्यांच्या पुढे होते, पण छाती थोडी कमी भरली. सातारा जिल्ह्यात या गोष्टीचं कुणाला नवल नाही. घरटी एक तरी छाती कमी भरलेली असते.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शकाचं सॉफ्टवेअर लिहिते. नेमकं काय करतेस, असं अण्णा दर खेपेला विचारायचे आणि मी 'कॉम्प्युटरचं काम' म्हणून सुटका करून घ्यायची. गेल्या उन्हाळ्यात मात्र नवी आवृत्ती तयार झाली, आणि प्रयोगशाळेच्या आधी ती अण्णांना दाखवायची असं मी ठरवलं. त्यांनी माझं काम एकदा डोळे भरून बघावं, एवढीच हाव होती. पण होती खरी.

मलकापूरला, आमच्या गावच्या घरी, पुढच्या सोप्यात लॅपटॉप मांडला. पेशीत चमकणारा रंग भरतात, त्यावर लेझरचा एक झटका देतात. रंग उजळतो आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी विझतो, असं सांगितलं. किती उजळला यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण रंग कमी-जास्त भरला की उजेडही कमी-जास्त. विझायला किती वेळ लागला, त्यावरून मात्र पेशीच्या आत काय चाललंय ते कळतं. देवळातली घंटा हळू वाजवा की जोरात, तिचा नाद विरतो तो तिच्याच चालीनं. उजेडाचा एकेक कण कधी आला ते मोजून माझं सॉफ्टवेअर चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला रंग देतं. लवकर विझला तर तांबडा, रेंगाळला तर हिरवा.

अण्णांनी मन लावून ऐकलं, चित्राकडे पाहिलं आणि छान आहे म्हणाले. यातल्या कुठल्या पेशी लवकर विझतात, मी विचारलं. सगळ्या सारख्याच की, ते म्हणाले. मला रागच आला. समोर अर्धं चित्र तांबडंलाल, अर्धं हिरवंगार! जरा नीट बघा तरी, मी फणकाऱ्यानं म्हटलं.

अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "बाळ, मला तांबडं-हिरवं येगळं दिसत न्हाई. भरतीच्या डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, त्यातला आकडाच दिसला न्हाई. छातीचं आपलं मी सांगत आलो."

आईचे कान तिखट. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आवं, म्हंजे कच्चं टोमॅटो आणत हुता ते ह्याच्यापायी व्हय? तुमचं बाजारात ध्यान नसतं म्हणून जन्मभर बोलत आले की मी." अण्णा हसले, आम्हीही हसलो.

रंग बदलणं हे चार ओळींचं काम. तांबड्याच्या जागी पिवळा घातला, हिरव्याच्या जागी गडद निळा, आणि चित्र पुन्हा उघडलं. अण्णांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि बोट थेट पडद्यावर टेकवलं. या कडेच्या लवकर विझतात, मधल्या रेंगाळतात, म्हणाले. अगदी बरोबर होतं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या प्रयोगशाळेत रंग दिसत नाहीत म्हणून कुणी तक्रार केली नाही का? नाही, मी म्हटलं.

"करणार न्हाईत. मी तरी कुठं केली?"

त्या दिवसापासून आमचं सॉफ्टवेअर उघडलं की आधी निळा-पिवळाच येतो.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका चहाला आले. अण्णांनी त्यांना लॅपटॉपसमोर बसवून लवकर विझणाऱ्या पेशी स्वतः दाखवल्या. बोलता बोलता काकांनी ती जुनी छातीची गोष्ट काढली, तशी आईनं माझ्याकडे पाहिलं.

"छाती पुरेपूर भरली हुती, गड्या," अण्णा म्हणाले. "मी रंगात नापास झालो."