वहिनीचं हातड्रिल

आमच्या घरी वीज आली त्या वर्षी बाबांनी जाहीर करून टाकलं की आता या घरात हातानं काही करायचं नाही. आलं काय होतं? एक बल्ब ओसरीत, एक आतल्या खोलीत आणि बटनांची एक पाटी. आमच्या करडी गावात एवढ्यावर माणसं किती फुगायची ते मी पाहिलं आहे. वीज तिच्या मर्जीनं यायची, तिच्या मर्जीनं जायची.

त्याच उन्हाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि आमच्या न्हाणीला दार नव्हतं. तीन बाजूंनी कूड, चौथ्या बाजूला जुनं लुगडं. लुगडं वाऱ्यानं उडतं. समोरच्या वाटेनं गडी बैल घेऊन जातात. म्हणून घरातल्या बाया अंधारातच अंघोळ उरकायच्या. उजेडात अंगावर पाणी घ्यायचा हक्क फक्त पुरुषांना. हो, हक्कच म्हणते मी! पण बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्यानं, सावकाश न्हाऊ घालावं लागतं. ते काय लुगड्याआड?

वहिनीनं गावच्या वाढयाला, म्हणजे सुताराला, निरोप पाठवला. "नांगर-वखर आटोपले का येतो," असं उत्तर आलं. पावसाच्या तोंडावर वाढई शेतीचा, हा गावाचा नियम. बैलाचं काम आधी आणि बाईचं मागून, हा नियम कोणी केला? मी तेव्हा कॉलेजात पत्रकं लिहायला शिकले होते. तिथल्या तिथं एक मसुदा खरडला. तांदूळ पाखडता पाखडता वहिनीनं तो पूर्ण ऐकून घेतला.

"चांगला आहे बाई. पण यानं लाकडाले भोक पडन का?"

लाकूड घरातच होतं, मोडक्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, फळ्या. पण त्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाच्या, दगडासारख्या. खिळा ठोकला की खिळाच वाकायचा. आधी भोक पाडून मग स्क्रू बसवणं, एवढाच इलाज. बाबांनी फर्मान काढलं, "मशीन आणाची तं इजेवरची आणा. लोकाईले दिसलं पाहजे."

आम्ही दोघी एसटीनं भंडाऱ्याला गेलो. वहिनीच्या पिशवीत येनाच्या फळीचा एक तुकडा होता.

लोखंडी सामानाच्या दुकानदारानं आमच्या पाठीमागं नजर टाकली. "सोबत कोणी नाही आलं का?"

"दोघी दिसत नाही का?" मी म्हणाले.

"तसं नाही बहनजी, मशीनचं काम आहे म्हणून..."

मी पेटणारच होते. वहिनीनं फळीचा तुकडा काउंटरवर ठेवला. "दोन्ही दाखवा भाऊ. इजेवरची आन हातानं फिरवाची."

विजेचं ड्रिल देखणं होतं, हे कबूल. गुरगुरलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. वहिनीनं ते उचललं, हात लांब करून दाराच्या उंचीला धरून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"तार कुठवर पुरते?"

"त्या खांबापर्यंत."

"आमची न्हाणी विहिरीच्या पल्याड. आन लाईन गेली तं?"

"लाईन आल्यावर करायचं."

"आमचा वाढईबी तेच म्हणते," वहिनी म्हणाली. "वर्षातून दोन-चारदा लागणाऱ्या कामाले बैलाएवढी किंमत कोन देते?"

मग हातड्रिलं निघाली. चकचकीत होतं ते तिनं टोकाला धरून हलवलं. दातेरी चाक लटपटलं. "हे पयल्याच पावसात मरते." दुसरं छातीनं दाबायचं, पार पुरुषाच्या मापाचं. तिसरं काळ्या रंगाचं, ओबडधोबड. दुकानदारानं खोक्याची मऊ फळी पुढं केली.

"खोक्याचं दार नाही कराचं मले," म्हणत तिनं आपला येनाचा तुकडा पायाखाली दाबला आणि मूठ फिरवली. लाल भुसा उडाला. तरी तिचं समाधान नाही. "याचा बिट तुटला तं आमच्या मोहाडीच्या बजारात दुसरा भेटन का?" भेटेल म्हटल्यावर मगच तिनं कमरेची पिशवी सोडली. सभांमधून उमेदवार निवडणारी थोर मंडळी मी पाहिली आहेत. एवढं डोकं कोणी खर्च करत नाही.

घरी बाबा खदखदून हसले. "हे का मशीन? हे तं रसवंतीची चरखी दिसते!"

"चरखी लाईन गेल्यावर थांबत नाही, मामाजी."

दुसऱ्या दुपारी लाईन नव्हतीच. मी फळी धरली, वहिनीनं भोकं पाडली. बिजागऱ्या बसल्या, दार उभं राहिलं. एवढा वेळ ओसरीवरून पाहणाऱ्या दादाला आता राहवेना. कडी मी लावतो म्हणाला. वहिनी पाणी प्यायला गेली आणि परतून दारासमोर थबकली.

"हे काय जी?"

"कडी."

"कडी मलेबी दिसते. आत कोन राहीन, माणूस का बैल?"

कडी बाहेरून लावलेली! दादाला खरंच कळेना, चुकलं काय. आमच्या घरात कोठीला, गोठ्याला, आतल्या खोलीला, सगळीकडं कडी बाहेरूनच. रात्री मोठ्या दाराला आगळ घालायची, ती सगळ्या घरासाठी. धान सांभाळायचं, ढोरं सांभाळायची. एखाद्या बाईनं एकटीनं आतून दार लावून घ्यावं, हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. दादा भला माणूस. भल्या माणसांचे हातसुद्धा असे घडवले जातात, याची चीड मला आजही येते.

वहिनी चिडली नाही. तिनं स्क्रू काढले, आतल्या अंगानं नवी भोकं पाडली, कडी बसवली. ही चूक सुधारायला वाढयाची वाट पाहिली असती तर ती दिवाळीपर्यंत तशीच लटकली असती. बाहेरची भोकं तिनं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली. त्यांना कोणी डोळा लावू नये म्हणून. हे मला सुचलं नसतं.

ताई आली. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर ती न्हाणीत शिरली आणि आतून कडी लागली. पाण्याचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. बाबा खांद्यावर पंचा टाकून बाहेर येरझारा घालत होते.

"झालं का व?"

"नाही झालं!"

"अवं, मले पंचायतीत जाचं आहे!"

आतून फक्त तांब्या बुडाल्याचा आवाज. वहिनीनं चुलीजवळून डोकं बाहेर काढलं.

"मामाजी, तुमी विहिरीवरच घ्या ना आंघोळ. तुमाले कोन पाहते?"

बाबा तणतणत विहिरीकडं गेले. ताईनं आत आणखी एक तांब्या घेतला, मग आणखी एक.