चंपतने बाजू बदलली तो पोळा

नरखेडजवळच्या गावात चार भावांमध्ये जमीन वाटली गेली आणि धाकट्या चंपतच्या वाट्याला पोटापुरतीही शेती आली नाही. बुटीबोरीत कारखाने निघत आहेत असं कळताच तो तिकडे गेला. कापडाच्या कारखान्यात काम लागल्यावर त्याने गावचे दोस्तही एकेक करून बोलावून घेतले. संध्याकाळी खोल्यांसमोर त्यांची कबड्डी रंगायची.

अठ्ठ्याऐंशी सालच्या पोळ्याला बुटीबोरीचा संघ गावाशी खेळायला एसटीने निघाला. गाडीत नुसता जल्लोष होता. मैदानाभोवती सारं गाव जमलं होतं, पण थोरला भाऊ मनोहर तिघांनाच घेऊन उभा होता.

"बाकीचे कुठी गेले, दादा?" चंपतने विचारलं.

"तुह्याच संगं त उभे आहेत," मनोहर म्हणाला.

 दोन दोस्तांना घेऊन चंपत गावाच्या बाजूला गेला. शेवटच्या चढाईत त्याने आपल्याच कारखान्यातले गडी बाद केले, तेव्हा बायापोरं नाचू लागली.

त्या गर्दीत गावाकडून खेळलेला रुपराव चंपतला हळूच म्हणाला, "कारखान्यात जागा निघाली तर मलेही सांगजो."

रुपरावही बुटीबोरीला गेला. गावाचा वेगळा संघ उभा राहीना, म्हणून पुढच्या पोळ्यापासून सगळे एकत्र जमून दोन संघ पाडू लागले.