सोमलिंगचा डावा डोळा

वळसंगचा सोमलिंग बिराजदार नाटक कंपनीत जायचं म्हणाला, तेव्हा त्याचे वडील ईश्वरप्पा ओरडले नाहीत. भुईमुगाचा व्यापार करणारा कडक लिंगायत माणूस. “गळ्यातलं लिंग काढून ठेव आणि मग जा,” एवढंच म्हणाले. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग त्याच्या देहाबरोबर मातीत जायचं असतं. सोमलिंगनं ते काढून आईच्या हातात दिलं आणि चालत सोलापूर गाठलं. साल एकोणीसशे एकवीस.

सोलापुरात कुंडलिकरावांची नाटक कंपनी होती. मिसरूड फुटेपर्यंत सोमलिंग राजकन्या झाला. मग राजा, दारुडा, साधू, विधवा, जे पडेल ते. एका नाटकात तो पहिल्या अंकात सासू आणि तिसऱ्या अंकात तिचाच जावई होऊन आला. पुढच्या रांगेतल्या वकिलांनाही ते कळलं नाही. याच दिवसांत अक्कलकोटकडच्या चंद्रव्वाशी त्याचं लग्न झालं. नटाला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. चंद्रव्वाला आईबाप नव्हते आणि चुलत्याला ती जड झाली होती.

पुढं मूकपट आले आणि नाटकाला माणूस येईना. कुंडलिकरावांनी कंपनी मोडून थिएटर चालवायला घेतलं. सोमलिंग पुण्याच्या एका फिल्म कंपनीत गेला. तिथं त्याला एका दुष्ट नवऱ्याचं काम मिळालं. हा नवरा बायकोचे तळहात तापल्या उलथन्यानं डागतो आणि तिला पावसात बाहेर काढतो. चित्रपट कुंडलिकरावांच्याच थिएटरात लागला आणि तुफान चालला. बायका रडत बाहेर पडत.

त्याचे चटके आधी चंद्रव्वाला बसले. नळावर शेजारणी म्हणाल्या, “हात दाव बघू.” तिनं दोन्ही तळवे पुढं केले. त्यावर काहीच नव्हतं. “मग दुसरीकडं कुटंतरी डागलं असंल,” एक जण म्हणाली, आणि सगळ्यांनी मान हलवली. आठवडाभरात तिची घागर रांगेतून बाहेर ठेवायला लागल्या.

पुण्याचं काम संपवून सोलापूरला परतलेल्या सोमलिंगनं हे कुंडलिकरावांना सांगितलं. ते पोट धरून हसले.

“अरे, हीच तर तुझी कला. असं कर, रोज खेळाच्या आधी त्याच वेशात दारासमोर बसत जा. लोकांना बघू दे.”

दारासमोर चौथरा बांधला. सोमलिंग मिशीला पीळ भरून, हातात उलथनं घेऊन बसे. लोक शिव्या देत, थुंकत, शेण मारत आणि मग तिकीट काढून आत जात. चंद्रव्वा रोज कपडे धुताना रडे. “बेड री,” ती म्हणे. नको हो.

“तुला कळत नाही,” तो म्हणे. “ते मला नाही, त्याला मारतात.” आणि खरं म्हणजे त्याला ते आवडायला लागलं होतं. शिवी जितकी घाण, तितकी त्याची मान ताठ.

एका रविवारी गर्दीतून गोजरबाई पुढं आली. गिरणीत काम करणारी, पन्नाशीची बाई. तिनं पदराखालून लोखंडी टोकाचा धोटा काढला, मागावर फिरणारा, आणि जीव खाऊन फेकला. तो सोमलिंगच्या डाव्या डोळ्यात बसला. रक्ताची धार मिशीवरून खाली आली. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या पडत होत्या तोवर सोमलिंग हलला नाही. कुंडलिकरावांनी त्याला हमालाकरवी आत नेलं, बाकावर निजवलं आणि खेळ वेळेवर सुरू केला.

डोळा गेला. दवाखान्यात पोलीस विचारायला आले. “दिसलं नाही,” सोमलिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई स्वतःच आली. खाटेपाशी चंद्रव्वा बसली होती.

“माजी लेक सासरी जाळली,” गोजरबाई म्हणाली. “जावयानं दुसरी केली. मोठ्या घरचा हाय, त्येला हात लावता येत न्हाय. तू त्यो न्हवंस, ह्ये मला ठावं व्हतं. पर तू हाताशी आलास.”

सोमलिंगनं मान तिच्याकडं वळवली. मग त्यानं विचारलं, “काम कसं वाटलं?”

“लई खरं,” ती म्हणाली आणि निघून गेली.

चंद्रव्वानं हे ऐकलं. शिव्या, शेण, नळावरचा अपमान तिनं सोसला होता. हा एक प्रश्न तिला सोसला नाही. संध्याकाळी ती अक्कलकोटला चुलत्याकडं गेली. तिथं तिला गोठ्यात जागा मिळाली. ती परत आली नाही.

नंतर बोलपट आले. काणा डोळा खलनायकाला शोभेल म्हणून सोमलिंगला पुण्याहून बोलावणं आलं. पण त्यानं तोंड उघडलं आणि थिएटर हसलं. मराठीत त्याचे कानडी हेल येत. नाटकात ते कुणाला खटकले नव्हते. पडद्यावरच्या दुष्टाच्या तोंडी मात्र लोकांना ते चालेनात. कंपनीनं त्याला काणा कानडी नोकर करून टाकलं. पडायचं, मार खायचा, “अय्यो” म्हणायचं. चित्रपटामागून चित्रपट तेच. सासू आणि जावई एकाच नाटकात करणाऱ्या माणसाला आता एकच काम उरलं. रस्त्यात लोक त्याला थांबवून “अय्यो” म्हणायला लावत आणि तो म्हणे.

शेवटी तेही गेलं. दिग्दर्शकानं दोन्ही डोळे शाबूत असलेला एक तरुण नट आणला आणि त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधली. “तुमचा काणा डोळा खरा आहे ना, बुवा,” तो सोमलिंगला म्हणाला. “हसताना लोकांना कसंसंच होतं.”

एकोणीसशे अडतीसच्या सुमाराला सोमलिंग सीमेकडच्या गावांत फिरणाऱ्या एका कन्नड नाटक मंडळीत शिरला. तिथं त्याच्या बोलण्याला कुणी हसलं नसतं. त्यानं राजाचं काम मागितलं. मालक शिवशरण भला माणूस होता, पण पेट्रोमॅक्सच्या उजेडात डोळ्याची खोबण फार दिसायची. त्यानं सोमलिंगला पडद्यामागून आकाशवाणी बोलायला दिली.

दोन वाक्यं असायची. त्यासाठी तो सगळ्या नटांच्या आधी येऊन आरशासमोर बसे, तोंडाला रंग लावी, भुवया कोरी, डोक्यावर मुकुट चढवी आणि आपली वेळ येईपर्यंत पडद्यामागं अंधारात उभा राही.