टोपीचा हूक

नेऱ्याच्या भैरूआबांच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा तरणेपणीच बैलाच्या शिंगानं उडवलेला. त्यामुळं चष्म्याची दांडी त्या कानावर टिकतच नसे. शेवटी सारजाबाईंनी नवऱ्याच्या टोपीला आपल्या जुन्या पोलक्याचा हूक शिवला, दांडीला दोऱ्याचा फास बांधला आणि तो हुकात अडकवला. तेव्हापासून टोपी डोक्याला आणि चष्मा टोपीला!

दोन हजार चार साली नातीचं, आरोहीचं लग्न निघालं. मानपानाच्या वेळी व्याह्यांनी रीतीप्रमाणं आबांची जुनी टोपी उतरवून नवी घातली. जुनी गर्दीत कुठं गेली, कुणालाच कळलं नाही. चष्मा घसरून मांडीवर पडला.

"आंधळा करून मान देताय व्हय?" आबा भर मांडवात कडाडले. "नातीचं तोंड दिसंना मला!"

व्याही गोरेमोरे झाले. तेवढ्यात सारजाबाई बायकांमधून उठल्या. "वाईच दम धरा, लई वरडू नगा," म्हणत त्यांनी नवी टोपी उचलली आणि आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा टोपीला हूक होता. चष्मा अडकवून आबांनी आधी नातीला डोळे भरून पाहिलं, मग व्याह्यांना हात जोडले.

त्या दिवशीचा फोटो घरात लावलाय. आबा नव्या टोपीत ऐटीत बसलेत आणि शेजारी सारजाबाई पदर अंगाभोवती घट्ट लपेटून. "आजी किती लाजाळू हो!" असं पाहुणे हमखास म्हणतात.

पोलक्याचा हूक नवऱ्याच्या टोपीला गेल्यावर बाई दुसरं काय करणार, हे मात्र आबा कुणाला सांगत नाहीत.