वसंतदादा आणि जपानची व्हॉलीबॉल टीम

दादा गेल्याचा फोन अकोल्याला आला, तेव्हा रडू यायच्या आधी मला रागच आला. झोपेतच गेला म्हणे. अख्खा जन्म माइकवर बोलण्यात घालवला, आणि जाताना तोंडातून एक शब्द नाही. असं कोणी जातं का…

वसंतदादा, माझा थोरला भाऊ, दर्यापूरकडे कबड्डीच्या सामन्यांची कॉमेंट्री करायचा. पोलिओनं एक पाय लहानपणीच अधू झालेला. मैदानात उतरता येईना, तर गडी माइक धरून बसला. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात लंगडा मुनीम असला की काम त्याच्याकडेच. दोन पावलं टाकली की हशा. दादाही हसायचा, पण त्या दिवशी घरी येऊन जेवायचा नाही. सिनेमातला लंगडा एकतर हसवायला नाहीतर रडवायला, याची त्याला भारी चीड. "त्याले साधं हरू तं द्या कधी," म्हणायचा.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीनं त्याला मोबाइलवर एक जपानी सिनेमा दाखवला. विनोदी. एका गावातली व्हॉलीबॉलची भंगार टीम. त्यात मासे विकणारी जाडजूड बाई, आफ्रिकी बापाची सावळी पोरगी, टकले आजोबा आणि पाय ओढत चालणारा एक न्हावी. दादा त्या सिनेमानं असा झपाटला की तो लोकांना दाखवायचाच, असं त्यानं डोक्यात घेतलं. इथं अकोल्यातच ओळखीच्या ट्यूशन क्लासचा हॉल मिळाला. जपानी कोणाला कळणार, म्हणून पडद्याशेजारी बसून यानं कबड्डीसारखी वऱ्हाडीत कॉमेंट्री सुरू केली. मासेवाली झाली शांताबाई, आजोबा झाले नामदेवबुवा. लोक खूश.

पण न्हावी पडद्यावर आला आणि दादाची बोलतीच बंद झाली. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. लोक त्या पायाला हसले तर… तेवढ्यात पुढे बसलेल्या भाजीवाल्या काकूंनी विचारलं, "काऊन भाऊ, याचं नाव नाई सांगत?"

"याचं नाव वसंता," तो म्हणाला.

पुढच्याच खेळात वसंतानं सर्व्हिस मारली ती थेट नामदेवबुवांच्या टकलावर. हॉल खदखदून हसला. "अबे वसंत्या, पाहून मार ना," काकू खेकसल्या. मग तो हरला, चिडला, शांताबाईशी भांडला, आणि लोक त्याला घरच्या पोरासारखं झापत राहिले. हसता हसता दादा कॉमेंट्रीच विसरला.

परत येताना आम्ही ऑटोत बसलो. दादा म्हणाला, "सुमे, सर्व्हिस हुकली म्हून हसले वं. पायाले कोनीच नाई हसलं." आणि रडला. मीही रडले. ऑटोवाल्याला काय वाटलं असेल देव जाणे.

दादाचे सगळे फोटो कमरेपर्यंतचे. लग्नातला तेवढा पूर्ण, पण तोही खुर्चीत बसून, पायावर शाल. त्या सिनेमानंतर मात्र तो एकटाच स्टुडिओत जाऊन आला आणि कबड्डीच्या पोरांना फोटो देऊन म्हणाला, माझा फ्लेक्स लावायची पाळी आली तर हाच लावा. पोरांनी शब्द पाळला. दर्यापूरला जीप थांबते तिथं तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून आहे, उन्हानं जरासा विटलाय. परवा उतरले आणि पाहतच राहिले. हाफ पँट घालून, तो बारीक पाय मुद्दाम पुढे काढून उभा आहे, आणि हसतोय… माझा दादा, अख्खा.