घरचे शेवटी

त्या उन्हाळ्यात तिच्या पायाला भिंगरी होती. नोकरीच्या शहरातून बिनपगारी रजा घेऊन ती माहेरी आली, ती गावासाठी काहीतरी करायचंच असं ठरवून. सकाळी शाळेच्या मैदानावर बायकांना सायकल शिकवायची, दुपारी वाचनालयातली फाटकी पुस्तकं चिकटवायची, संध्याकाळी दवाखान्यातल्या पोरांना गोष्टी सांगायच्या. वडील म्हणायचे, "लेक गावाला आलीय. आपल्याकडे फक्त झोपायला येते."

सायकलचं काम तिचं सगळ्यात लाडकं. दुकानदाराकडून मागून आणलेल्या सायकलींची पायडलं काढायची, सीट खाली घ्यायची आणि बाईला पायांनीच ढकलत तोल शोधू द्यायचा. तोल सापडला की पायडलं परत.

"सोडू नकोस गं मला!" बेकरीवाल्या काकू पहिल्याच दिवशी किंचाळल्या.

"काकू, मी धरलेलंच नाहीये."

"मग धर की, मेले!"

आई रोज तिथे डबा घेऊन यायची. डबा दिला तरी कुंपणापाशी रेंगाळायची. एकदा म्हणाली, "मी बसून बघू का गं जरा?"

"तू?" ती हसली. "तू काय, घरचीच आहेस. आधी बाहेरच्यांचं होऊ दे."

आईने मान डोलावली. हा धडा तिचाच होता. घरचे शेवटी. पाहुण्यांना गरम, घरच्यांना उरलेलं. पाहुण्यांना गादी, घरच्यांना सतरंजी. लेकीने तो अक्षरशः गिरवला, आणि तेव्हा तिला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला.

आई घरीच शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ढिगातून वेळ काढून तिने स्वतःसाठी निळा पायजमा शिवला, घोट्याशी इलास्टिक घालून.

"हे काय नवीन?" वडिलांनी विचारलं.

"साखळीत अडकू नये म्हणून."

"सायकलला अजून हात नाही लागला आणि साखळीची तयारी!"

"तुम्ही गप्प बसा. लहानपणी दादाची सायकल पुसायचं काम माझं होतं. चकचकीत ठेवायचे नुसती. बसले मात्र कधी नाही."

लेक दारात चपला घालता घालता हे ऐकून हसली आणि वाचनालयाकडे पळाली.

शेवटच्या दिवशी मैदानावर छोटासा समारंभ होता. आई पायजमा घालून सगळ्यांच्या आधी हजर. "आज तरी?"

"ये, बस."

आई पाय टेकत, ढकलत निघाली. हँडल लटपटत होतं, जीभ दातांत धरलेली. मैदानाच्या मध्यावर पोचल्यावर ती ओरडली, "अगं, उचलले! दोन्ही उचलले! बघितलंस?"

"हो, हो, मस्त!" लेक म्हणाली. बघत होती ती फाटकाकडे. मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या. "आई, पाच मिनिटं थांब हं."

त्या पाच मिनिटांत भाषणं झाली, फोटो झाले. आई हँडल धरून उन्हात उभी. मग बायकांच्या शर्यतीला एक सायकल कमी पडली. बेकरीवाल्या काकू संकोचत पुढे आल्या. "वहिनी, ही घेऊ का? पायडलं लावून घेते."

"घ्या की," आई म्हणाली. "माझं काय, मी घरचीच."

दुपारी सायकली दुकानात परत गेल्या आणि लेक शहराच्या बसमध्ये बसली.

आता ऑफिसात कुणी त्या उन्हाळ्याचं कौतुक केलं, की ती विषय बदलते. काकू आता पाव पोचवायला सायकलवर जातात, वाचनालयात पुस्तकं जागेवर आहेत. सगळं खरं. पण आईचे पाय जमिनीपासून किती वर होते, किती वेळ होते, हे जगात एकाच माणसाला दिसायला हवं होतं, आणि त्या माणसाने न बघता 'मस्त' म्हटलं होतं.

परवा तिने न राहवून फोन केला. "आई, पुढच्या उन्हाळ्यात पहिला नंबर तुझा. आधी तू, मग गाव."

"बरं बाई," आई हसली. "पण पायजमा नाही हं आता. उसवला मी. उशांचे अभ्रे केले."

"का गं?"

"कापड चांगलं होतं. नुसतं पडून काय करायचं?" मग म्हणाली, "तू येशील तेव्हा तुझ्या उशीला घालीन."